ग्राहकाला उत्तर लिहिताना: नव्या व्यावसायिकांसाठी

नवा व्यवसाय सुरू झाला की पहिले काही महिने विक्री कमी आणि विचारणाच जास्त असते. कुणी माप विचारतं, कुणी ‘घरपोच मिळेल का’ एवढंच विचारून गप्प होतं, कुणी घेतलेल्या वस्तूतली खोट दाखवतं, कुणी आवडलं म्हणून मुद्दाम कळवतं. हातातली ऑर्डर आधी पुरी करू, मेसेज रात्री बघू, असं म्हणत बहुतेक नवखे ही विचारणा मागे ढकलतात. मला हे फार नुकसानीचं वाटतं. ज्याने वेळ काढून चार ओळी लिहिल्या, तो माणूस अजून तुमच्या दारात उभा आहे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधी मांडणी केली होती. वस्तूचा किंवा सेवेचा दर्जा घसरला की ग्राहकापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा बोलून दाखवणं. निघून जाणारा काही सांगत नाही, त्यामुळे आपलं काय चुकलं हे तुम्हाला कळतच नाही. बोलून दाखवणारा मात्र ते आयतं हातात देतो. छोट्या व्यवसायाकडे जाहिरातीचा पैसा नसतो, बाजारपेठेचा अभ्यास करणारी माणसं नसतात. असतात ती ही बोलणारी माणसं. त्यांच्याशी नीट बोलायला कसं शिकायचं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतो: तुम्ही लॅपटॉपच्या कापडी बॅगा शिवून विकता, असं धरू.

सुरुवात: उत्तरं कुठून द्यायची ते ठरवा

वॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, ईमेल, फोन, गूगलवरचे रिव्ह्यू असं सगळीकडे एकदम हजर राहायचा प्रयत्न करू नका. ग्राहक खरोखर जिथून विचारतात अशा दोन जागा निवडा आणि तिथे नियमाने उत्तर द्या. बाकी ठिकाणी ‘चौकशीसाठी या नंबरवर लिहा’ एवढी ओळ ठेवा. उत्तर न मिळणारी जागा उघडी ठेवण्यापेक्षा ती बंद असलेली बरी.

व्यवसायाचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवा. वॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे आणि त्यातल्या तीन सोयी पहिल्याच दिवशी लावून घेण्यासारख्या आहेत. तुम्ही कामाच्या वेळेबाहेर असताना आपोआप जाणारा निरोप, संभाषणांना लावायची लेबलं आणि तयार ठेवलेली छोटी उत्तरं. आपोआप जाणाऱ्या निरोपात ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ असं लिहू नका, कारण त्यातून वाट पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘संध्याकाळी सातनंतर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत उत्तर मिळेल’ असं लिहा आणि ते पाळा. उशीर माणूस सहन करतो. अनिश्चितता मात्र त्याला दुसरीकडे घेऊन जाते.

दिवसातून दोन वेळा ठरवून बसा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. हातात काम असताना दर दोन मिनिटांनी फोन उचलला तर शिवणही बिघडते आणि उत्तरही तुटक जातं.

पहिलं उत्तर

कुणी विचारलं, ‘यात १५.६ इंची लॅपटॉप मावेल का?’ याला ‘हो मावेल’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. विचारणाऱ्याला धास्ती आहे की बॅग येईल, लॅपटॉप आत जाईल आणि चेन लागणार नाही. लॅपटॉपचा हा आकडा स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा असतो, पूर्ण मशिनचा नसतो. एकाच आकड्याचे दोन लॅपटॉप लांबी-रुंदीला वेगळे निघू शकतात, कारण कडेची पट्टी काहींची जाड असते, काहींची बारीक. हे तुम्हाला ठाऊक असेल तर उत्तर असं होईल:

‘हो, मावेल. बॅगेचा आतला कप्पा ३८ सेंटिमीटर लांब आणि २७ सेंटिमीटर रुंद आहे. तुमचा लॅपटॉप बंद करून पट्टीने एकदा मोजून पाहा. दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर मोकळा राहिला तर चेन सहज लागते. चार्जरही त्याच कप्प्यात ठेवणार आहात का? तसं असेल तर पुढे खिसा असलेली बॅग सोयीची पडेल.’

या उत्तरात काय काय आलं ते पाहा. पहिल्या दोन शब्दांत प्रश्नाचं उत्तर आलं. मग पडताळून बघायची सोय आली, म्हणजे ग्राहकाला तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागला नाही. शेवटी एक प्रश्न आला, तोही त्याच्या गरजेबद्दलचा. हा शेवटचा प्रश्न संभाषण पुढे नेतो. मात्र एका उत्तरात एकच प्रश्न विचारा. तीन-चार विचारलेत तर समोरच्याला फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

मावणार नसेल तर स्वच्छ ‘नाही’ म्हणा, आणि जमल्यास कुठल्या मापाची बॅग शोधावी तेही सांगा, भले ती तुमच्याकडे नसो. ही विक्री जाते, पण तो माणूस पुढे दुसऱ्या कुणाला तुमचं नाव सांगताना अडखळत नाही.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. कुणी सगळ्यांसमोर किंमत विचारली तर तिथेच सांगा. ‘इनबॉक्समध्ये या’ म्हटलं की विचारणारा सावध होतो, आणि तोच प्रश्न मनात असलेले पण न विचारणारे बाकीचे तिथूनच परत जातात. किंमत कामाप्रमाणे बदलत असेल तर सुरुवात कितीपासून आणि ती कशामुळे वाढते, एवढं तरी उघड लिहा.

नावाने हाक मारा, पण प्रत्येक वाक्यात नाव घालू नका. तो ज्या भाषेत आणि ज्या थाटात लिहितो त्याच्या जवळ राहा. त्याने दोन ओळी लिहिल्या असतील तर तुम्ही पानभर लिहू नका.

नोंदवही

नवखे जो टप्पा हमखास वगळतात तो हा, आणि व्यवसाय वाढतो तो याच टप्प्यामुळे. एक वही घ्या किंवा साधी स्प्रेडशीट उघडा. तारीख, नाव, आपल्यापर्यंत कसे आले, काय विचारलं, काय सांगितलं, काय करायचं राहिलं, एवढे सहा रकाने पुरतात.

‘काय विचारलं’ या रकान्यात त्यांचेच शब्द लिहा, तुमचा सारांश नको. तुम्ही ‘मापाबद्दल चौकशी’ असं लिहिलंत तर महिन्याअखेर त्यातून काही हाती लागत नाही. ‘ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन बसते, बोचणार नाही ना?’ हे जसंच्या तसं लिहिलंत, तर कळतं की ही बॅग कशी वापरली जाते. असे तीन-चार जणांचे प्रश्न एकाखाली एक आले की बॅगेच्या मागच्या बाजूला अस्तराखाली मऊ थर हवा हे सांगायला सल्लागार लागत नाही.

हेच शब्द वस्तूच्या वर्णनातही वापरा. बहुतेक वर्णनांत कापडाचा प्रकार, शिवणीचा प्रकार, रंग असं सगळं असतं. ग्राहक जे विचारतात तेच नेमकं नसतं. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर त्याचं उत्तर वर्णनात जायलाच हवं. त्यामुळे प्रश्न कमी होतील ही भीती बाळगू नका. साधे प्रश्न कमी होतात आणि अधिक नेमके येऊ लागतात, आणि नेमका प्रश्न विचारणारा माणूस विकत घेण्याच्या बराच जवळ आलेला असतो.

‘काय करायचं राहिलं’ हा रकाना रोज बघायचा. ‘निळ्या रंगाचं कापड आलं की कळवतो’ असं तुम्ही म्हणालात आणि विसरलात, तर ग्राहक तक्रार करत नाही. तो पुन्हा विचारत नाही, एवढंच होतं.

ही वही म्हणजे लोकांची खाजगी माहिती आहे, हेही लक्षात ठेवा. कामापुरतंच लिहा, इतरांच्या हाती लागू देऊ नका, आणि कुणी ‘माझा नंबर काढून टाका’ म्हटलं तर काढा.

तक्रार आली की

समजा मेसेज आला: ‘बॅग घेऊन महिनाही झाला नाही आणि पट्टा उसवला. लॅपटॉप पडता पडता वाचला. असलं काम करता का?’

मनात पहिल्यांदा उमटतं ते काहीसं असं: ‘आमच्या बॅगा मजबूत असतात, आजवर कुणाची तक्रार नाही. तुम्ही जास्त वजन भरलं असेल. तरी फोटो पाठवा, बघतो.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं असेलही. तरीही आधी लॅपटॉप ठीक आहे ना, एवढंसुद्धा न विचारता तुम्ही ग्राहकालाच आरोपी केलं. आजवर कुणी तक्रार केली नाही हे ऐकून, तुमच्या दृष्टीने आपणच काय ते विचित्र, असं त्याला वाटतं.

आता हे वाचा:

‘पट्टा उसवला हे वाचून वाईट वाटलं. लॅपटॉपला काही झालं नाही ना? महिन्याच्या आत शिवण सुटायला नको होती. पट्टा जिथून सुटला तिथला एक फोटो पाठवाल का? बॅग आमच्याकडे आणण्याचा खर्च आमचा. हातात आल्यावर तीन दिवसांत दुहेरी शिवण घालून परत पाठवतो. दुरुस्ती नको असेल तर पैसे परत करतो. जे सोयीचं असेल ते सांगा.’

वादाचा मुद्दा इथे उरलेलाच नाही. त्याच्या नुकसानीची चौकशी आहे, खर्च कुणाचा ते स्पष्ट आहे, मुदत आहे, आणि निर्णय त्याच्या हाती आहे. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील वाक्य टाळा. नेमकं काय झालं त्याचं नाव घ्या: पट्टा उसवला.

रागाने लिहिलेल्या मेसेजला लगेच उत्तर देऊ नका, पण मिळाल्याचं लगेच कळवा. ‘वाचलं, ऑर्डर तपासून दुपारपर्यंत सविस्तर लिहितो’ इतकं पुरतं. मग उत्तर लिहा, एकदा मोठ्याने वाचा आणि पाठवा. वॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. तरी दुरुस्तीआधीचा मजकूर समोरच्याने वाचलेला असू शकतो.

नीट हाताळलेल्या तक्रारीनंतर काही ग्राहक पूर्वीपेक्षाही जास्त समाधानी होतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे. १९९० च्या दशकापासून याला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स’ म्हणतात. त्यावर फार विसंबू नका. हे प्रत्येक वेळी घडत नाही, आणि त्याच ग्राहकाच्या बाबतीत दुसऱ्यांदा चूक झाली की ही सवलत संपते. म्हणून दुरुस्त केलेल्या बॅगेचा पट्टा पाठवण्याआधी स्वतः ओढून बघा. आणि त्याच आठवड्यात शिवलेल्या बाकीच्या बॅगाही तपासा, कारण दोरा त्याच रिळाचा असेल.

तक्रार सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी असेल, उदाहरणार्थ गूगलवरच्या रिव्ह्यूमध्ये, तर उत्तराला दोन वाचक असतात. एक तक्रार करणारा आणि दुसरा पुढे कधीतरी तिथे येऊन ‘यांच्याकडून घ्यावं का’ असा विचार करणारा. दुसऱ्यांची संख्या कितीतरी जास्त असते. उत्तर थोडक्यात, शांतपणे लिहा. उघड उत्तरात ऑर्डरचे तपशील, फोन नंबर, पत्ता यातलं काहीही देऊ नका. पुढचं बोलणं खाजगीत न्या. प्रश्न सुटला की तिथे परत येऊन आपलं उत्तर अद्ययावत करा. ‘बॅग दुरुस्त करून पोचवली आहे’ ही एक ओळ नंतर येणाऱ्यांसाठी मोलाची असते. चांगला रिव्ह्यू पुन्हा लिहा म्हणून त्या ग्राहकाच्या मागे लागू नका.

शिवीगाळ करणाऱ्याला किंवा कधी ग्राहकच नसलेल्याला एकदाच सभ्य उत्तर द्या. ‘या नावाची ऑर्डर आमच्या नोंदीत सापडत नाही, ऑर्डर नंबर कळवल्यास लगेच बघतो.’ मग थांबा. नियम मोडणारा मजकूर असेल तर त्या त्या ठिकाणी रिपोर्ट करण्याची सोय असते, ती वापरा. भांडण जिंकूनही तिथे कुणी गिऱ्हाईक मिळत नाही.

कौतुकाचं काय करायचं

‘खूप छान आहे बॅग’ याला बहुतेक जण हात जोडल्याची खूण पाठवतात आणि संभाषण संपतं. इथे अजून एक ओळ लिहा: ‘आनंद झाला. कशासाठी वापरता आहात?’ उत्तर येईल तेव्हा तुम्हाला न सुचलेला उपयोग कळेल. कुणी तिच्यात चित्रकलेच्या वह्या ठेवत असेल, कुणी आईची औषधं. त्यांचे शब्द किंवा फोटो जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर आधी परवानगी मागा, आणि नाव घालायचं की नाही तेही विचारा.

रिव्ह्यू मागायला संकोच नको, पण सगळ्यांकडे मागा. फक्त खूश असलेल्यांना निवडून मागणं, किंवा रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत अथवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. विकत घेतलेलं किंवा घरच्यांकडून लिहवून घेतलेलं कौतुक तर अजिबात नको. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंवर थेट बंदी घालणारा नियम लागू झाला आहे. कायदा नसता तरीही मी हेच सांगितलं असतं, कारण एकासारखे एक वाटणारे दहा रिव्ह्यू वाचताना खऱ्या ग्राहकाच्या लक्षात येतंच.

सांगितलेलं केलं, हे कळवा

माझ्या मते सगळ्या लेखातला सर्वांत कामाचा टप्पा हाच. आणि यासाठी नोंदवहीशिवाय काही लागत नाही.

चार महिन्यांपूर्वी एका बाईंनी विचारलं होतं, मांडीवर बोचणार नाही ना. तुम्ही मऊ थर घातला. आता नवी बॅग तयार आहे. तिची जाहिरात सगळीकडे टाकण्याआधी वही उघडा आणि हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहा:

‘नमस्कार. ट्रेनमध्ये बॅग मांडीवर बोचते का, असं तुम्ही विचारलं होतंत. त्यावरून या वेळी मागच्या बाजूला फोमचा थर दिला आहे. फोटो पाठवतोय. तुम्हाला घ्यायची नसली तरी हरकत नाही, पण तुमच्यामुळे सुचलं, म्हणून आधी तुम्हाला कळवलं.’

या मेसेजला इतकं वजन असण्याचं कारण साधं आहे. माणसं सूचना करतात तेव्हा ती कुणी ऐकेल अशी त्यांची अपेक्षा जवळजवळ नसते. ऐकलं गेलं आणि वस्तूत ते दिसतंय, हे कळल्यावर त्या बॅगेत त्यांचा वाटा तयार होतो. मग त्या बाई मैत्रिणीला बॅग दाखवताना ‘हे मी सांगितलं होतं’ असं म्हणतात. कुठल्याही जाहिरातीत हे वाक्य लिहून मिळत नाही.

सूचना अमलात आणता येणार नसेल तर तेही कळवा, कारणासह. ‘चाकं लावून पाहिली, पण वजन दुपटीच्या आसपास जातं, म्हणून सध्या करत नाही.’ नकारातही ऐकल्याची खूण असते. प्रत्येक सूचना मानायची गरज नाही. एकट्याने मागितलेली सोय लगेच करायला धावलात तर माल पडून राहतो. तीच गोष्ट निरनिराळ्या माणसांकडून येते का, हे वहीत बघत राहा.

विकायचं कधी

नंबर मिळाला म्हणजे जाहिरात पाठवायची परवानगी मिळाली, असं होत नाही. विचारा: ‘नवं काही आलं तर कळवू का?’ हो म्हणणाऱ्यांचीच यादी करा. कमी पाठवा, आणि थांबवायचं असेल तर काय लिहायचं ते प्रत्येक वेळी सांगा. सणावारांच्या शुभेच्छांचे फॉरवर्ड त्या यादीवर नकोत. वॉट्सअॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीवरचा) निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांपर्यंतच पोचतो, ही अडचण न मानता गाळणी माना.

तक्रार चालू असताना त्याच माणसाला नव्या मालाचा मेसेज जाता कामा नये. लेबलांचा खरा उपयोग इथे होतो: ‘तक्रार चालू’ असं लेबल असलेली नावं यादीतून बाजूला काढायची, मग पाठवायचं.

तयार उत्तरं आणि एआय

मापं, पोचायला लागणारे दिवस, धुण्याची पद्धत या ठरलेल्या माहितीसाठी तयार उत्तरं खुशाल वापरा. तक्रारीला आणि सूचनेला कधीही नको. एआयकडून मसुदा करून घेतलात तर मुदत, माप आणि दिलेला शब्द स्वतः तपासा, कारण तुम्ही न दिलेली सवलत त्यात गोड शब्दांत लिहिलेली असू शकते आणि ग्राहक ती मागायला येईल.

महिन्याअखेर

वही घेऊन अर्धा तास बसा. किती जण दुसऱ्यांदा आले, किती जण कुणाच्या सांगण्यावरून आले, कुठला प्रश्न वारंवार आला, कुठला शब्द पाळायचा राहिला, एवढंच पाहा. ‘आमचं नाव दुसऱ्यांना सुचवण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?’ हा व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये पुढे आणलेला प्रश्न मोठ्या कंपन्या विचारतात. वीस-पंचवीस ग्राहक असताना त्यातून निघणाऱ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तुम्ही सरळ विचारा: कुणाला सुचवलंत का, आणि काय सांगून सुचवलंत?

काम वाढलं की उत्तरं लिहायला दुसरं माणूस लागेल. त्याला आधी आठवडाभर फक्त नोंदवही वाचायला द्या, मग तुमच्या शेजारी बसून मसुदे करू द्या. पैसे परत करण्याचा निर्णय तो स्वतः कुठवर घेऊ शकतो हे लिहून द्या, नाहीतर प्रत्येक तक्रार तुमची वाट बघत पडून राहील. उत्तराखाली तो स्वतःचं नाव लिहील, आणि जुन्या ग्राहकांना पहिल्या मेसेजमध्येच सांगेल की यापुढे मी लिहीन, तुमचं मागचं सगळं बोलणं मी वाचलेलं आहे.